बायोडाटात काम कुठं आहे?

आयटीआयच्या किंवा डिप्लोमा कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असतंच, आणि त्या दुकानावर ‘बायोडाटा टाइप करून मिळेल’ अशी पाटीही बहुधा असते. काम झटपट होतं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर आधीच्या कुणाची तरी फाइल असते. तिच्यातलं नाव, जन्मतारीख आणि टक्के बदलले की नवा बायोडाटा तयार. वरचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ मात्र हलत नाही. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावायचा आहे, अशा अर्थाचं ते इंग्रजी वाक्य फिटरच्या कागदावर असतं, तसंच बीकॉम झालेल्या मुलीच्याही. कधी आधीच्या मुलाचे छंदही तसेच राहून जातात, आणि ज्यानं बॅट हातात धरलेली नाही तो मुलाखतीत क्रिकेटबद्दल अडखळतो.

हा कागद जरा परक्या नजरेनं पाहावा. वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, विवाहित की अविवाहित, मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्ह्यासह कायमचा पत्ता. मग दहावीपासूनच्या टक्क्यांचा तक्ता. त्याखाली एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ अशा अर्थाचं प्रतिज्ञापन, स्थळ, दिनांक, सही. याचे पूर्वज दोन. एक सरकारी नोकरीचा अर्ज, दुसरा लग्नाचा बायोडाटा. सरकारी अर्जाला वय, जात, अधिवास लागतोच, कारण वयोमर्यादा आणि आरक्षण त्यावर ठरतं. (एमपीएससीसारख्या परीक्षांना तर तुमचा सीव्ही लागतच नाही, त्यांचा ऑनलाइन अर्ज ठरलेला असतो.) लग्नाच्या बायोडाटात घराणं, मामाचं गाव आणि उंची लागते, तेही समजण्यासारखं आहे. खासगी कंपनीच्या एचआरला यातलं जवळजवळ काहीच नको असतं. तिला हवं ते त्या कागदावर एका ओळीत उरकलेलं असतं: ‘अमुक कंपनीत दोन वर्षं काम केले.’

म्हणजे हा माणूस कोण, याचे पुरावे पानभर, आणि यानं केलं काय, याला एक ओळ. मराठी मुलामुलींचे सीव्ही पडतात ते या प्रमाणामुळे, असं माझं मत आहे. भाषेच्या चुका, फाँट, रंग हे सगळं नंतरचं.

आता वाचणाऱ्याच्या बाजूनं पाहू. २०१२ साली ‘द लॅडर्स’ या अमेरिकन नोकरी-संकेतस्थळानं ३० भरती-अधिकाऱ्यांच्या नजरेची हालचाल यंत्रानं टिपली. पहिल्या चाळणीत एका सीव्हीवर नजर सरासरी सहाएक सेकंद थांबत होती. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा पाहिलं तेव्हा ती ७.४ सेकंदांवर गेली. प्रयोग छोटा होता, त्यामुळे आकडा घट्ट धरून बसू नये. पण नजर कुठं जाते ते पाहण्यासारखं आहे. नाव, सध्याचं पद आणि कंपनी, तिथल्या तारखा, त्याआधीचं पद आणि कंपनी, मग शिक्षण. एवढ्या वेळात वाचन होत नाही, फक्त ‘पुढं वाचू की नको’ हे ठरतं. म्हणून अलीकडचं काम वर आणि जुनं खाली, हा क्रम. पाच वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या पानावर सुरुवातीलाच दहावीची टक्केवारी असेल, तर ते सहा सेकंद शाळेतच संपतात. नुकत्याच पास झालेल्याचं शिक्षण वर असावं, हे ओघानं आलंच.

माणसाच्या आधी हल्ली यंत्र वाचतं. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी भरती करणारा माणूस सीव्हींचा गठ्ठा चाळत बसत नाही. तो शोध घेतो. कौशल्याचा शब्द, अनुभवाची वर्षं, शहर, पगार, नोटीस पिरियड अशा गाळण्या लावतो आणि उरलेल्यांची यादी पाहतो. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज हाताळणारं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. ते तुमच्या फाइलमधला मजकूर उचलून नाव, पद, कंपनी, तारखा अशा खणांत टाकतं. हे यंत्र उमेदवाराला ‘नापास’ करतं अशी एक भीती पसरवली गेली आहे, आणि ती दूर करून देणाऱ्यांचा धंदाही त्यावर चालतो. बहुतेकदा घडतं ते साधं असतं: मजकूर नीट उचललाच जात नाही, किंवा शोधलेला शब्द तुमच्या पानावर नसतो, म्हणून तुम्ही यादीत दिसत नाही.

मजकूर का उचलला जात नाही? दोन स्तंभांचा देखणा साचा असला, की काही सॉफ्टवेअर डावीकडची आणि उजवीकडची ओळ सलग वाचतं आणि ‘वेल्डिंग’च्या पुढं पिनकोड येऊन बसतो. मजकूर चौकटीत किंवा पानाच्या अगदी वरच्या पट्टीत ठेवला, तर कधी तो वगळलाच जातो. फोन नंबर तिथंच असेल तर संपलं. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ यंत्राच्या लेखी नुसता फोटो. मराठीत सीव्ही मागणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे वृत्तपत्रं, प्रकाशनं, स्वयंसेवी संस्था यांच्याकडे, अर्ज करताना आणखी एक भानगड असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्या पडद्यावर मराठी दिसतो आणि त्यांच्या पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं. यावरची परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा. तिथं तो क्रमानं, न तुटता वाचता आला तर यंत्रालाही बहुधा येईल.

शब्दांचं म्हणाल तर जाहिरात उघडी ठेवून लिहावं. जाहिरातीत ‘व्हीएमसी’ (सीएनसी मशीनचाच एक प्रकार) म्हटलं असेल आणि तुम्ही फक्त ‘सीएनसी मशीन’ लिहिलं असेल, तर तुम्ही व्हीएमसीच चालवत असूनही शोधात सापडणार नाही. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत सगळे शब्द दडवून ठेवायची युक्ती मात्र करू नये. सॉफ्टवेअर ते शब्द काळ्या अक्षरांत बाहेर काढून एचआरसमोर ठेवतं, आणि मग हसं होतं.

खरं लिहिणं इथून पुढं आहे. समजा, चाकणच्या एका कारखान्यात दोन वर्षं काम केलेला डिप्लोमाधारक आहे. त्याच्या कागदावर असतं: ‘सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केले. मशीन हाताळणे व क्वालिटी राखणे.’ हे वाक्य त्या शेडमधल्या प्रत्येकाचं आहे. त्याला समोर बसवून चहा पाजला आणि ‘सकाळी शिफ्टला गेल्यावर आधी काय करतोस?’ असं विचारलं, की वेगळंच ऐकू येतं. फॅनक कंट्रोलची व्हीएमसी आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग बनवतो, शिफ्टला नव्वदच्या आसपास नग निघतात. टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट स्वतःच घेतो, सेटरची वाट पाहत नाही. पहिला नग मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर तपासतो. जॉब बदलताना चाळीस मिनिटं जायची. फिक्स्चरच्या पिनची जागा बदलायला सुचवली, आता पंचवीस मिनिटांत होतं. ‘हे लिहिलं का नाहीस?’ म्हटलं तर उत्तर येतं: ‘त्यात काय लिहायचं, रोजचंच आहे.’

रोजचंच लिहायचं असतं. यंत्र कुठलं, वस्तू काय, किती, कशावर मोजली, आणि तुमच्या हातून काय बदललं, एवढं चार ओळींत आलं की कारखाना माहीत असणाऱ्या वाचणाऱ्याला तो माणूस मशीनपुढं उभा दिसतो. (ओळी प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीत लिहाव्या लागतात, ते इंग्रजी साधं असलं तरी चालतं, झेरॉक्सवाल्याचं भरजरी इंग्रजी नको.) हिशेबाच्या कामातही हेच. ‘अकाउंट्स पाहिले’ याऐवजी टॅलीत महिन्याला साधारण किती व्हाउचर, जीएसटीच्या कुठल्या विवरणपत्रांचे आकडे तयार केले, बँकेचा मेळ दर आठवड्याला घातला की महिन्याला, किती डीलरांची थकबाकी सांभाळली. टायपिंगच्या प्रमाणपत्रात आकडा आयताच मिळतो, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. तरीही लोक ‘टायपिंग येते’ एवढंच लिहितात. सीव्हीत कौशल्यापुढं चांदण्या काढायची किंवा ‘एक्सेल ८०%’ अशी पट्टी रंगवायची नवी पद्धत आलीय. उरलेलं २०% कुठलं, हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा ‘पिव्हट टेबल, व्हीलुकअप’ लिहावं.

आकडे नसतील तर बनवू नयेत. आकड्याशिवायही काम नेमकं सांगता येतं: नव्या आलेल्या ट्रेनींना मशीन शिकवायचं काम माझ्याकडे होतं, रात्रपाळीला सुपरवायझर नसताना ब्रेकडाउनची नोंद मी करायचो. इथं आपला संकोच आडवा येतो. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये, हे घरात इतकं मुरलेलं असतं की मुलाखतीतही मुलगा ‘आम्ही केलं’ म्हणतो आणि विचारणाऱ्याला कळतच नाही, की यानं काय केलं आणि टीमनं काय. पण मी हे मशीन चालवलं असं सांगणं ही माहिती आहे. मी फार मेहनती, प्रामाणिक आणि टीम प्लेयर आहे असं सांगणं हे कौतुक. गंमत म्हणजे संकोची माणसं पहिलं गाळतात आणि दुसरं बिनदिक्कत लिहितात.

यामागं संशोधनाचाही थोडा आधार आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उमेदवार पुढं किती चांगलं काम करेल, याचा अंदाज नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून फारसा येत नाही आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहून चांगला येतो, असं त्यात निघालं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांचे काही आकडे दुरुस्त केले आहेत. तरी ‘आठ वर्षांचा अनुभव’ एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सीव्हीत कामाचा नमुना जितका आणता येईल तितका आणावा: प्रोग्रामरनं कोडचा दुवा, ड्राफ्ट्समननं दोन ड्रॉइंग, भाषांतरकारानं छापून आलेलं पान. कंपनीची गोपनीय ड्रॉइंग मात्र नकोत.

फ्रेशरची तक्रार असते, की आमच्याकडे लिहायला आहेच काय. कॉलेजच्या टी अँड पी (ट्रेनिंग अँड प्लेसमेंट) सेलनं दिलेल्या एकाच साच्यात साठ मुलं तोच प्रोजेक्ट लिहितात, हे खरंच. मग त्या प्रोजेक्टमध्ये तुमचा हात कुठला लागला, तेवढं लिहा. सर्किट तुम्ही जोडलं की अहवाल तुम्ही लिहिला. शिवाय पगार नसलेलं कामही काम असतं, हे आपण विसरतो. गावातल्या दूध संकलन केंद्रावर वडिलांबरोबर रोज दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजणाऱ्या मुलानं डेअरीच्या नोकरीसाठी अर्ज करताना ते न लिहिता ‘छंद: वाचन’ लिहावं, हे मला नेहमी खटकतं. गणेश मंडळाचा खजिनदार असलेल्यानं वर्गणीचा हिशेब ठेवलेला असतो, पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी आणलेली असते, मांडववाल्याशी दर ठरवलेला असतो. ॲडमिनच्या जागेसाठी हा चांगला ऐवज आहे.

मुलं झाल्यावर नोकरी सोडलेल्या आणि परत येऊ पाहणाऱ्या बायकांनी मधली वर्षं लपवायची धडपड करू नये. नजर तारखांवर जातेच. ‘२०१८–२०२३: कौटुंबिक कारणासाठी नोकरीतून विराम’ अशी एक ओळ पुरते. त्या काळात सोसायटीचे हिशेब पाहिले असतील, बचत गटाचं कर्जखातं सांभाळलं असेल, घरून डब्यांचा व्यवसाय केला असेल, तर ते त्याच ओळीखाली, रीतसर कामासारखं.

आता ‘हा कोण’च्या बाजूनं काय गाळायचं ते पाहू. हा निव्वळ जागा वाचवायचा प्रश्न नाही. अमरावती जिल्ह्यातून पुढं आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटेवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून एक प्रयोग केला. वृत्तपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक नावात. काही नावं उच्चजातीय हिंदू वाटावीत अशी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष छापून आले. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची संधी उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक-तृतीयांश होती. सीव्ही सारखाच असून.

याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवायला हवा. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात ३,१६० अर्ज पाठवले. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीवरून फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या जागांसाठी आढळला. विशेषतः ओबीसी उमेदवारांना उच्चजातीयांपेक्षा कमी बोलावणी आली. कॉल सेंटरमध्ये बोलणं, वागणं अशा चटकन न मोजता येणाऱ्या गोष्टींना महत्त्व असतं आणि पूर्वग्रहाला तिथं वाव मिळतो, असा एक अर्थ यातून लावता येतो. तो बरोबर असेल, तर मोजता येणारं काम कागदावर ठळक असण्याचा फायदा ज्यांच्याकडे वशिला नाही त्यांना जास्त आहे. नाव तर बदलता येत नाही, बदलूही नये. पण धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, जन्मगाव ही माहिती कुणी मागितलेली नसताना आपण होऊन का द्यायची? पूर्वग्रहाची जबाबदारी कंपनीची आहे, आणि सीव्ही सुधारून ती संपत नाही, हेही सांगायला हवं. आधार, पॅन, पासपोर्टचे नंबर तर अजिबात नकोत. सीव्ही कुणाकुणाच्या फोनमध्ये जातो, त्याचा पत्ता लागत नाही. प्रतिज्ञापनाचीही गरज नाही.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी नियम थोडे फिरतात. अमेरिकेत एक पान, फोटो नाही, वय नाही. तिथल्या भेदभावविरोधी कायद्यांमुळे कंपन्यांना ते दिसायलाच नको असतं. आखाती देशांत उलट: नागरिकत्व, व्हिसाची स्थिती, ड्रायव्हिंग लायसन्स हे आधी विचारतात. जर्मनीत तक्त्यासारखा आटोपशीर ‘लेबेन्सलाउफ’ चालतो, तारखा महिन्यासह आणि मध्ये भोकं न ठेवता. फोटो मागण्यावर २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर बंधनं आली, तरी लावायची प्रथा बऱ्यापैकी टिकून आहे. महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून आयटीआयची मुलंही हे विचारू लागली आहेत. त्यांच्या सीव्हीत ‘जर्मन येते’ नको. ए-टू, बी-वन अशी परीक्षेची पातळी आणि उत्तीर्ण झाल्याची तारीख हवी.

खोटेपणाबद्दल दोनच गोष्टी. २०१२ मध्ये याहूचे प्रमुख स्कॉट थॉम्पसन यांच्या परिचयात हिशेबशास्त्राबरोबर संगणकशास्त्राची पदवीही लिहिलेली आढळली. ती त्यांच्याकडे नव्हती, आणि पद मिळून जेमतेम चार महिने झालेले असताना त्यांना जावं लागलं. आपल्याकडची गोष्ट याहून साधी आहे आणि तिच्यात प्रामाणिक माणसंही अडकतात. हजारो मुलं मोठ्या कंपनीच्या प्लँटमध्ये काम करतात, पण असतात ठेकेदाराच्या पटावर. सीव्हीत ते मोठ्या कंपनीचं नाव लिहितात, कारण गेटवर तेच नाव असतं. नवी कंपनी पडताळणीसाठी यूएएन मागते. २०१४ पासून चालू असलेल्या या क्रमांकावर भविष्य निर्वाह निधीची सगळी नोंद असते, आणि तिथं कंपनी ठेकेदाराची दिसते, तारखाही वेगळ्या. एचआरला ते खोटं वाटतं. म्हणून दोन्ही लिहावं: अमुक ठेकेदार कंपनीमार्फत, तमुक कंपनीच्या रांजणगाव प्लँटमध्ये. तारखा पीएफच्या पासबुकशी ताडून घ्याव्यात.

राहिली पाठवायची रीत. एमआयडीसीतल्या बऱ्याच जागा अजूनही ‘आमच्याकडे माणूस हवाय, कुणी असेल तर सांग’ अशाच भरल्या जातात. मेव्हणा, मित्र, आधीचा सुपरवायझर यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सीव्ही पुढं सरकत एचआरपर्यंत पोचतो. वाटेत तुमचं नाव गळतं आणि उरते ‘न्यू बायोडाटा फायनल टू’ नावाची फाइल, तीही मोबाइलवर तिरकी उघडणारी. फाइलला तुमचं नाव, पद आणि अनुभव असं नाव द्या, पीडीएफच पाठवा, पानं एक, फार तर दोन. आणि सोबतचा निरोप पुढं पाठवणाऱ्यानं लिहावा अशी अपेक्षा ठेवू नका, तोही तुम्हीच लिहून द्या. उदाहरणार्थ: ‘नमस्कार सर. व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटरच्या जागेसाठी सीव्ही पाठवत आहे. फॅनक कंट्रोलवर दोन वर्षं, सेटिंग स्वतः करतो. राहायला भोसरीत, नोटीस पिरियड १५ दिवस. पहिल्या शिफ्टला असतो, दुपारी चारनंतर फोन केलात तर लगेच बोलता येईल.’